बंदुकीची हिरवी खोळ

"खोळीत नको घालू गं तिला. आत घाम येतो तिला," असं माझे सासरे जूनच्या सुरुवातीला मला म्हणाले होते. ती म्हणजे त्यांची बंदूक. आणि मी, बी.एस्सी. केमिस्ट्री, हसून म्हणाले होते, "बाबा, लोखंडाला कसला आलाय घाम?"

गावात त्यांना सगळे आबाजी म्हणतात आणि त्यांचं ऐकतात. घरात ते माझं ऐकतात. याचा मला तेव्हा जरा अभिमानच होता.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. भात तयार झालं की रानडुकरं खाली उतरतात आणि एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातात. त्यासाठी बाबांकडे शेतीराखणीचा परवाना आणि एकनळी बारा बोअरची बंदूक आहे. डुक्कर त्यांनी एकही मारलेलं नाही. शेतातल्या माळ्यावर, म्हणजे चार बांबूंवर बांधलेल्या मचाणावर, बसायचं आणि चाहूल लागली की हवेत एक बार काढायचा, एवढंच. आजूबाजूच्या दहा-बारा शेतांना त्या बाराचा आधार असतो. पीक घरात आलं की लोक बाबांना नव्या तांदळाची पायली आणून देतात. बाबा ती घेतात आणि वर्षभर त्याबद्दल बोलतात.

ही बंदूक पडवीत सहा फुटांवर दोन पितळी खुंट्यांवर टांगलेली असायची. रिकामी. काडतुसं वेगळ्या खोलीत, कुलपात. मी लग्न होऊन या घरात आले आणि थोड्याच दिवसांत मला ती दिसायची बंद झाली होती, जसं भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही तसं. मग एक दिवस माझी मुलगी रिया, वय वर्षं तीन, खुर्चीवर पाट ठेवून त्याच्यावर उभी होती आणि तिचा हात बंदुकीच्या पट्ट्यापासून वीतभर लांब होता.

मी द्राक्षं अजून चिरून देणारी बाई आहे. गॅसचं बटण झोपण्याआधी तीनदा बघते. माझा नवरा जितेश मोहोपाड्याच्या एका कंपनीत शिफ्टला असतो, तो घरी आला की आधी विचारतो, "आज काय काय होता होता राहिलं?" त्या दिवशी मी त्याला फक्त बोट दाखवलं, खुर्ची, पाट, पट्टा.

लोखंडी कपाट घ्यायचं ठरलं. कुलपाचं. इथपर्यंत मी बरोबर होते, हे मी आजही म्हणेन. पण नुसतं कपाट माझ्या जिवाला पुरेना. कर्जतला, माझ्या माहेरी भिसेगावला जाताना, मोटरसायकलच्या सीटा शिवणारा कमलेश आहे. त्याला मापं दिली आणि खोळ शिवून घेतली. बाहेरून जाड हिरवं रेक्झीन, आतून फोम, फोमवर पांढरं मऊ लोकरी कापड, आणि पूर्ण लांबीची चेन. चेनला छोटं कुलूप. म्हणजे कपाटाला एक आणि खोळीला एक.

"कशाला हवीय ताई, गिटारला?" कमलेशने विचारलं होतं.

"बंदुकीला," मी म्हणाले. त्याने मापं पुन्हा एकदा बघितली आणि फोम दुप्पट घातला.

जून ते सप्टेंबर बंदूक त्या खोळीत, खोळ कपाटात, कपाट मागच्या खोलीत. दोन्ही किल्ल्या माझ्या मंगळसूत्रात. मी शांत झोपायचे.

घटस्थापना झाली. बाबा म्हणाले, "विनिता, नवमीच्या आधी तिला काढून ठेव. पुसायला पायजे. दसरा झाला की माळ्यावर जायचंय. वरच्या शेतात खुरं दिसली."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, जितेशचे पाने आणि बंदूक. बाबा दळण आणायला गेले होते. परवानेदार समोर नसताना मी कपाट उघडायलाच नको होतं, पण म्हटलं काढून ठेवू. चेन ओढली आणि आतून वास आला, ओले कपडे तसेच गुंडाळून ठेवले की येतो तो. बंदूक बाहेर ओढली तर आतलं पांढरं कापड नळीला चिकटून आलं. ते सोलून काढलं. कापडावर तपकिरी डाग, आणि नळीवर त्याच आकाराचे डाग. काही ठिकाणी तर गंजाला लोकरीचे केस फुटले होते.

मी आधी बंदूक मधून वाकवून बघितली. एवढं मला जितेशने लग्नानंतर शिकवलेलं आहे: हातात घेतली की पहिल्यांदा उघडायची, रिकामी आहे ना ते डोळ्यांनी बघायचं, आणि मग पुन्हा एकदा बघायचं. रिकामी होती.

मग मी जे केलं ते कुणाला सांगायची लाज वाटते. सकाळची भांडी घासायची तारेची घासणी घेतली, अर्धं लिंबू घेतलं आणि नळी घासायला लागले. डोक्यात एकच, बाबा दळण घेऊन यायच्या आत. गंज निघाला, भराभर निघाला. त्याबरोबर नळीचा काळा-निळा मुलामाही निघाला. वीतभर पट्टा असा पांढरा लखलखीत झाला की दुरूनसुद्धा दिसावा. आंबट पदार्थ लोखंडावर काय करतो हे मी प्रॅक्टिकलच्या वहीत आकृतीसकट लिहिलेलं आहे. त्यावर मॅडमची सही आहे.

हात थांबले. फडक्याने पुसून, खोळीबाहेरच, कपाटात ठेवून कुलूप लावलं. आणि तेव्हा पहिल्यांदा मला नळीच्या आतलं आठवलं. बाहेर एवढं असेल तर आत काय? मोबाईलवर वाचत बसले. बाहेरचा गंज रूप घालवतो, आतला गंज नळी खातो. खड्डे पडलेल्या नळीतून बार काढला तर दर वेळी काही होत नाही. पण कधी कधी नळी फुटते. आणि बंदूक गालाशी धरलेली असते.

बाबा गालाशी धरतात. डाव्या हाताने नळी तोलतात, त्याच हाताने संध्याकाळी रियाला मांडीवर धरून दुसऱ्याने भरवतात.

संध्याकाळी भरवतच होते. वरणभात, एक घास चिमणीचा, एक घास डुकराचा. डुकराचा घास रियाला फार आवडतो, त्याला ती गुरगुरते. मी समोर बसले आणि म्हणाले, "बाबा, बंदूक गंजली. माझ्यामुळे. आणि मी ती घासणीने घासली."

बाबांचा हात वाटीत तसाच राहिला.

"लिंबू लावून," मी म्हणाले. सांगायचं तर सगळंच सांगावं.

"लोणचं घालायचं होतं का गं तिचं?"

मला रडूच आलं. रिया म्हणाली, "आजोबा, आई रडते." बाबा म्हणाले, "रडू दे, तिला पण जरा घाम येऊ दे." मग घास पुढे केला. "उद्या बघू. ही अंगणवाडीत गेली की."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पडवीत पाट मांडले, वर्तमानपत्र पसरलं. बाबांनी बंदूक उघडली, रिकामी असल्याचं बघितलं, मलाही बघायला लावलं. नळी वेगळी केली. मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "शिलाई मशीनचं तेल."

तेल त्यांनी नळीवर सगळीकडे चोळलं आणि हात पुसून स्वस्थ बसले.

"आता?"

"आता काय नाय. मुरू दे. चा कर."

चहा झाला. दुसरा झाला. मला वाटलं होतं काहीतरी मोठं काम असेल, आणि हे गृहस्थ तासभर तेलाकडे बघत बसले. मग देव्हाऱ्यातून त्यांनी एक भोकाचा पैसा आणला. तांब्याचा, मधे भोक असलेला, जुना. त्याची कड तेलातल्या गंजावर आडवी ठेवून हलक्या हाताने पुढे-मागे. पुढे-मागे. कडेला तपकिरी चिखल जमायला लागला, आणि खालून काळी नळी दिसायला लागली. एकही ओरखडा नाही.

"तांबं मऊ असतं," बाबा म्हणाले. "गंजाला खरवडतं, पोलादाला नाय. तुझी घासणी पोलादाची. पोलादाला पोलाद लावलं की दोघं भांडणार."

धातूंच्या कठीणपणाचा तक्ता मला पाठ होता, लोखंड वर, तांबं खाली. परीक्षेत त्याला दोन मार्क होते. मी पैसा त्यांच्या हातातून घेतला.

दोन तास आम्ही आळीपाळीने ते करत होतो. इतकं शांत काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. थोडं खरवडायचं, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचं, पुन्हा थेंब तेल. बाबा सांगत होते. नळीला उघड्या हाताने धरलं की नंतर पुसायचंच, तळव्याच्या घामात मीठ असतं. तेल लावायचं पण दिसता कामा नये, दिसलं म्हणजे जास्त झालं, मग धूळ धरतं आणि लाकडात उतरतं. भिंतीला टेकवून ठेवायची नाही. आणि फोम, लोकर, चामडं, गोणपाट, जे जे ओल धरून ठेवतं ते ते तिच्या अंगाला लावायचं नाही. "पावसात तू ओली साडी नेसून चार महिने बसशील का?" मी म्हणाले, "बाबा, हे जूनमध्ये असं सांगायचं होतं ना." ते म्हणाले, "सांगितलं. तू हसलीस."

नळीच्या मागच्या भागात गंजाचे पाच गोल ठिपके होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर. बाकीच्या डागांपेक्षा जुने आणि खोल. पैशानेही पूर्ण जाईनात. मी म्हणाले, "हे बघा, इथे कापड चिकटलं असणार."

बाबांनी ते ठिपके बोटाने चाचपले. मग स्वतःची पाच बोटं एकेका ठिपक्यावर ठेवली. बरोबर बसली.

"ही माझी हायत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नवमीचं कुंकू. ओल्या बोटांनी हळदकुंकू लावायचं आणि दसरा होईस्तोवर पुसायचं नाय. आईनं शिकवलंय तसं. पस्तीस वर्षं लावतोय." थोडा वेळ त्या बोटांकडे बघत बसले आणि एकदम खोखो हसायला लागले. "पूजा करून करून गंजवली की गं मी!"

मीही हसले.

पण आतलं राहिलं होतं. साफसफाईच्या लांब गजाला तेलाची चिंधी बांधून बाबांनी नळीतून दहा-बारा वेळा ओढली. पहिल्या चिंध्या विटकरी आल्या, मग पिवळट, शेवटची स्वच्छ. नळी आकाशाकडे धरून त्यांनी आतून बघितलं.

"लख्ख. आरशासारखी."

ते उजव्या डोळ्याने बघत होते. उजव्या डोळ्यात त्यांच्या मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलंय, आणि त्या डोळ्याने त्यांना समोरच्या घरावरचा टॉवरसुद्धा धूसर दिसतो.

"मला द्या," मी म्हणाले.

नळीतून बघितलं की आधी फक्त उजेड दिसतो, गोल, डोळा दिपवणारा. मग नजर बसली की भिंती दिसतात. मला भिंतीवर, मधल्या भागाच्या थोडं पुढे, एक काळपट जागा दिसली. फिरवून बघितली, जागा नळीबरोबर फिरली. म्हणजे माझ्या डोळ्यातलं काही नव्हतं.

"बाबा, इथे काहीतरी आहे."

"जुना डाग असंल."

"डाग असेल नाहीतर खड्डा असेल."

"पस्तीस वर्षं वापरतोय मी ती. तू काल घासणी घेऊन आलीस."

हे लागलं. लागायलाच हवं होतं. तरी मी नळी खाली ठेवली नाही. "तुम्ही दसऱ्यानंतर माळ्यावर जाऊन ही गालाशी धरणार. मला खात्री झाल्याशिवाय मी कपाटाची किल्ली देणार नाही."

"परवाना माझ्या नावाचा हाय."

"किल्ली माझ्या गळ्यात आहे."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते उठून ओट्यावर गेले आणि पाठ करून बसले. मी पाटावर नळी मांडीवर घेऊन. रस्त्याने दशरथकाका आले. बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, शेताला शेत लागून, त्यांच्याकडेही अशीच एक बंदूक आहे. माझ्या मांडीवरची नळी बघून म्हणाले, "काय रं आबाजी, सुनेला पोलीस भरतीत धाडतोस का?"

"तिलाच इचार. तिला माझ्यापेक्षा जास्त दिसतं."

मी सगळं सांगितलं. लिंबूसकट. काका हसून हसून खाली बसले, डोळे पुसले, मग गंभीर झाले. "कापूस हाय का घरात? वातीचा?"

मी समईचा कापूस आणला. त्यांनी सैल बोळा केला, सुका, गजाच्या टोकाला अडकवला आणि नळीच्या एका तोंडातून घालून अगदी सावकाश दुसऱ्या तोंडाकडे ओढला. "आत गुळगुळीत असंल तर जसा गेला तसा बाहेर येतो. खड्डा असंल तर तिथं कापसाचे केस धरतो. बघ आता, पोरी, तुझे डोळे चांगले हायत."

मी बघितलं. काळपट जागेवर बारीक पांढरे तंतू उभे होते. उजेडात हलत होते.

"धरलाय," मी म्हणाले.

बाबा ओट्यावरून उठून आले. नळी घेतली, डोळ्याला लावली, उजव्या, मग डाव्या. डाव्याने बराच वेळ बघितलं. मग नळी पाटावर ठेवली, फडक्याने आपल्या बोटांचे ठसे पुसले.

"मग आता डुकरांची काय आरती करू मी?"

"मी हाय ना," दशरथकाका म्हणाले. "माझी खुंटीवर असते, तिला कोळिष्टकं धरली असतील, घाम नाय धरला. आजच कापूस ओढून बघतो. तू पत्र्याचे डबे वाजव. तसाही तू बार काढायच्या आधी ओरडतोसच एवढा की डुकरं हसून पळतात."

काकांनी संध्याकाळी निरोप पाठवला, कापूस जसा गेला तसा आला.

दुसऱ्या दिवशी जितेशने रजा घेतली. परवान्याचं पुस्तक घेऊन आम्ही तिघं पनवेलच्या पुढे एका परवानाधारक दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. साठीचे गृहस्थ, बोलणं कमी. बंदूक मी घाईत पुन्हा त्याच हिरव्या खोळीत घालून नेली होती. दुसरं काही नव्हतंच. त्यांनी नळीत बारीक दिवा सोडला, आतून मापं घेतली, बाहेरून मापं घेतली. बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, मुलीच्या निकालाला आलेल्या माणसासारखे.

"दोन खड्डे आहेत," ते म्हणाले. "उथळ. नळीची जाडी शाबूत आहे. आतून झिलई करावी लागेल, मग मी माझ्याकडे बार काढून तपासणार. आठवडा लागेल. वेळेवर आणलीत. अजून दोन पावसाळे अशीच राहिली असती तर भिंतीवर टांगायलाच उरली असती."

बाबा खुर्चीत मागे टेकले. आणि बाहेरचा तो पांढरा पट्टा? "तो पुन्हा काळा करून देतो. काय लावलंत त्याला?"

"लिंबू," बाबा म्हणाले, मी तोंड उघडायच्या आत. "आमची सून केमिस्ट्री शिकलेली हाय."

निघताना त्या गृहस्थांनी टेबलावरची खोळ उचलून उलटसुलट केली. "ही मात्र परत वापरू नका. या महिन्यातली तिसरी बघतोय मी. हिरवी, आतून लोकर. सगळ्या तुमच्या कर्जतकडून येतायत."

परतीच्या वाटेवर जितेश आणि बाबा मजेत बोलत होते. मला काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी रियाला भिसेगावला आईकडे सोडलं आणि कमलेशचं दुकान गाठलं. मला बघून तो उभाच राहिला. "ताई, या या! तुमच्या खोळीनं नाव काढलं माझं. तुमची शिवताना एक काका बघून गेले, त्यांनी नेली, मग त्यांच्या ओळखीचे आले. मी सांगतो ना सगळ्यांना, शिकलेल्या बाईंनी मापं देऊन करून घेतलीय."

"किती शिवल्यास?"

"अकरा. तुमची धरून."

मी खाली सीटच्या फोमच्या गठ्ठ्यावर बसले. त्याला कपाट, वास, लोकर, कापूस, सगळं सांगितलं. कमलेशचा चेहरा उतरला. "मला काय माहीत ताई. मी गाडीच्या सीटा शिवतो."

"तुला कसं माहीत असणार? मला माहीत असायला हवं होतं. फोन नंबर आहेत?"

होते. ऑर्डर घेताना तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. आम्ही दोघांनी तिथेच बसून एकेकाला फोन लावले. पहिल्यांदा जीभ वळत नव्हती, चौथ्या फोनपर्यंत पाठ झालं. "काका, बंदूक खोळीतून काढा. आधी उघडून रिकामी आहे का बघा, दोनदा बघा. बाहेर गंज असेल तर तेल मुरवा, तांब्याचं नाणं वापरा, घासणी नको, आंबट काही नको. नळीतून सुका कापूस सावकाश ओढा. कुठे धरला तर बार काढू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या." एकाने मला झापलं. एकाने विचारलं, बाई, तुम्ही सरकारकडून बोलताय का? दोघांनी आधीच पनवेलला नेली होती. नेरळच्या बाजूच्या एका मावशींनी नवऱ्याला फोन न देता सगळं स्वतः लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. नऊ जण लागले.

नवमीला बंदूक घरी नव्हती. बाबांनी विळ्या-कोयत्याशेजारी परवान्याचं पुस्तक मांडलं आणि त्याला अक्षता वाहिल्या. रियाने स्वतःची प्लास्टिकची चाळणी आणून ठेवली, तीही पुजली. दसऱ्यानंतर बाबा माळ्यावर गेले ते डबे घेऊन, आणि दशरथकाकांचा बार आला की पाठोपाठ यांची आरोळी. गावात सगळे म्हणाले, यंदा राखण जोरात आहे.

आठवड्याने बंदूक आली. काळी, शांत, आतून खरोखरच आरशासारखी. मी डाव्या-उजव्या दोन्ही डोळ्यांनी बघितलं, मग कापूस ओढला. जसा गेला तसा आला. कपाटाला जितेशने वर आणि खाली जाळीच्या खिडक्या पाडून घेतल्या, आत लाकडाच्या दोन खाचा केल्या, म्हणजे लोखंड लोखंडाला टेकत नाही. ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या मी आणल्या, त्या दर महिन्याला बदलायच्या. रियाचा हात तिथे पोचत नाही. किल्ल्या आता दोन आहेत, एक बाबांकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रिया दुपारची झोपली की आम्ही दोघांनी पाट मांडायचे, नळी पुसायची, थेंबभर तेलाचा हात फिरवायचा, चहा प्यायचा, असं ठरलंय. पुढच्या नवमीपासून कुंकू लाकडी दस्त्याला लावायचं, असं बाबांनी स्वतःच जाहीर केलंय. आणि दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते मी न सांगता ठरलं. म्हणाले, तंतू तुला दिसले आणि मला दिसले नाहीत, हे काय बरं नाय.

सगळं ठीक आहे. मी ठीक झोपते. फक्त अकरातली एक खोळ राहिली आहे.

त्या माणसाचा नंबर कॅलेंडरवर नाही. कमलेशला एवढंच आठवतं: सत्तरीच्या पुढचे आजोबा, एकटेच आले होते, पांढरी टोपी, डाव्या पायाने जरा लंगडत, खोपोलीच्या एसटीतून उतरले होते. मोबाईल विचारला तर म्हणाले, "तो कशाला? घरात मी एकटाच हाय, मला कोण फोन करतंय." खोळ हातात घेतल्यावर आतल्या लोकरीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं होतं, "यात पाणी नाय ना शिरत?" आणि कमलेशने सांगितलं होतं, नाही आजोबा, एक थेंब नाही.

मी त्या एसटीच्या वाटेवर तीन गावांत विचारून आले. पोलीस पाटलांना सांगून ठेवलंय. अजून कळलेलं नाही, आणि वरच्या शेतांतली भातं अजून उभी आहेत.

तुम्ही खोपोली-कर्जतच्या मधल्या कुठल्याही गावात राहत असाल, किंवा तुमचं कुणी राहत असेल, आणि असे एकटे राहणारे, डाव्या पायाने लंगडणारे आजोबा तुमच्या माहितीत असतील, तर आज जरा त्यांच्या दारात जाऊन या. चहा मागा. हिरवी खोळ आहे का विचारा. रागावले तर माझं नाव सांगा, शिकलेली बाई म्हणावं, तिचंच चुकलं. पण त्यांच्याकडून बंदूक उघडून घ्या, रिकामी आहे ना ते दोघांनी बघा, आणि त्यांच्या नळीतून कापूस ओढल्याशिवाय परत येऊ नका.